साभार परत

म्हैसुरास जाणाऱ्या मराठी मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम राजवाडा, मग चामुंडीचा डोंगर व वाटेवरील तो प्रचंड नंदी, सायंकाळी वृंदावन बागेतील कारंजी, आणि परतण्यापूर्वी देवराज बाजारातून चंदनाचा साबण व उदबत्त्या. आम्हीही बऱ्याच वर्षांपूर्वी याच क्रमाने ते शहर पाहिले होते व त्यात कसलीही उणीव भासली नव्हती. परंतु गेल्या पौषात आम्ही पुन्हा तेथे गेलो तो निराळ्या हेतूने. तीर्थयात्री देवाच्या पराक्रमाची स्थळे पाहतो. आम्हांस एका मोठ्या कादंबरीकाराच्या अपयशाची स्थळे पाहावयाची होती. ते कादंबरीकार म्हणजे भूगोलात नसलेले ‘मालगुडी’ नावाचे गाव वाङ्मयात वसविणारे आर. के. नारायण.

हा संकल्प मनात येण्याचे कारण घरातच घडले. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या कायमची नोकरी सोडून गेली तीन वर्षे एक कादंबरी लिहीत बसली आहे. दोन प्रकाशकांनी ती परत केली. तिसऱ्याकडून उत्तरच आले नाही. पूर्वी मासिकाकडे गोष्ट पाठविताना परतीची तिकिटे लावलेला लिफाफा सोबत द्यावा लागे, आणि नापसंत गोष्ट ‘साभार परत’ असा शेरा मिरवीत त्याच लिफाफ्यातून घरी येई. पोस्टमनच्या हातातील पाकिटाच्या जाडीवरूनच लेखकास आपले भवितव्य कळे. हल्ली पाकीट येत नाही. संगणकाच्या पडद्यावर दोन ओळी उमटतात, आणि कित्येकदा त्याही उमटत नाहीत. शेऱ्याची रीत बदलली. तो वाचणाऱ्याच्या पोटात पडणारा खड्डा मात्र तसाच राहिला. बंधूंचे म्हणणे असे की, हौस पुरी झाली, आता मुलीने पुन्हा नोकरी धरावी. मुलीचे म्हणणे असे की, आणखी दोन वर्षे द्यावीत. निवाड्यासाठी दोघांनीही आमच्याकडे पाहिले. निवाडा देण्यापूर्वी एखादा जुना दाखला तपासून पाहावा, हा शिक्षकी पेशाचा स्वभावच होय. नारायणांचे ‘माय डेज’ हे १९७४ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र आमच्या वाचनात होते. तेव्हा मुलीलाच सोबत घेऊन आम्ही म्हैसुरास निघालो.

बंगळूर ते म्हैसूर ही लोहमार्गाची वाट सुमारे १४० किलोमीटरांची. रामनगरचे उघडेबोडके प्रचंड खडक मागे पडतात, मग नारळी, उसाचे फड आणि मधूनमधून पाण्याने भरलेली तळी दिसू लागतात. मुलगी खिडकीशी बसून प्रत्येक लहान स्टेशन निरखून पाहत होती. त्याला कारण होते. १९३० च्या सप्टेंबरात, आजीने शुभ म्हणून निवडून दिलेल्या एका दिवशी, बंगळुरास नारायणांनी एक वही विकत आणली व कादंबरीस हात घातला. काय लिहावे हे ठाऊक नव्हते. कलम चघळीत बसले असता डोळ्यांपुढे एक लहानसे रेल्वे स्टेशन उभे राहिले आणि त्या स्टेशनामागून सगळे मालगुडी आले. वाचकहो, विद्यारंभाला मुहूर्त पाहण्याची चाल आपल्यात आहे. परंतु नातवाच्या कादंबरीला मुहूर्त काढून देणारी आजी विरळाच! त्या वृद्धेने नातवाच्या लेखनास संध्यापूजेच्या पंक्तीस बसविले, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

वाटेत चन्नपट्टण लागते. लाखेच्या रंगीत लाकडी खेळण्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. नारायणांच्या चरित्रात मात्र ते दुसऱ्याच कारणाने येते. पदवी मिळाल्यावर एम. ए. करावे असा त्यांचा विचार होता. परंतु त्याने वाङ्मयाची गोडीच मरेल, असे एका स्नेह्याने पटविले आणि तो बेत राहिला. मग या चन्नपट्टणच्या शाळेत त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. थोड्याच दिवसांत मुख्याध्यापकांनी त्यांस गैरहजर असलेल्या ड्रिल मास्तरांचा तास घेण्यास सांगितले. नारायणांस हे रुचले नाही आणि त्यांनी शाळाच सोडली. आयुष्यभर खडू हाती धरलेल्या आमच्यासारख्यास हा प्रसंग वाचून हसू येते व थोडा रागही येतो. कारण दुसऱ्याचा तास घेणे हे मास्तरकीच्या संसारातले नित्यकर्मच. परंतु क्षणभर त्या तरुणाच्या वडिलांच्या जागी उभे राहून पाहावे. ते स्वतः मुख्याध्यापक. मुलाने लागलेली सरकारी नोकरी अशा कारणासाठी टाकून घरी यावे, आणि विचारल्यावर ‘मी कादंबऱ्या लिहिणार’ म्हणून सांगावे! आपल्यापैकी किती पित्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले असते?

म्हैसुरात उतरल्यावर पहिल्या दिवशी आम्ही महाराजा कॉलेजच्या बाजूस गेलो. या विद्यालयाविषयी संस्कृत शिकलेल्या माणसास विशेष आदर वाटतो, कारण ‘भारतीय तत्त्वज्ञानाची रूपरेषा’ लिहिणारे प्राध्यापक एम. हिरियण्णा येथे संस्कृत शिकवीत असत, आणि १९१८ पासून तीन वर्षे डॉ. राधाकृष्णन् येथेच तत्त्वज्ञान शिकवीत होते. नारायणांचा जन्म १० ऑक्टोबर १९०६ चा, मद्रासचा. बालपण तेथे आजीजवळ गेले. वडील कृष्णस्वामी अय्यर यांची म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कुलात नेमणूक झाल्यावर ते येथे आले. शाळेतील ग्रंथसंग्रह मुबलक होता व वडील स्वतः वाचणारे होते. मुलाने तो संग्रह अधाशासारखा वाचून काढला. आणि इतके करून विश्वविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत तो नापास झाला. पुढे १९२६ मध्ये ती परीक्षा उतरला, परंतु बी. ए. होण्यास इतरांहून एक वर्ष अधिक लागले. पदवी १९३० मध्ये हाती आली.

परीक्षा आणि बुद्धी यांचा संबंध सख्ख्या बहिणींचा नसून शेजारणींचा आहे, हे प्रत्येक जुन्या शिक्षकास मनातून ठाऊक असते. पण तो ते वर्गात बोलत नाही, आणि न बोलणेच योग्य. कारण प्रत्येक नापास मुलगा पुढे नारायण होत नाही. सगळा पेच येथेच आहे. नारायणांचे चरित्र शेवटाकडून वाचणाऱ्यास प्रत्येक अपयश ही पुढील यशाची पायरी दिसते. ते घडत असताना मात्र त्या घरातील कोणासही ती पायरी दिसत नव्हती. दिसत होता तो घरात बसलेला मुलगा.

नापास झाल्यावरचे ते वर्ष त्यांनी वाचनात, लेखनात व भटकण्यात घालविले. कुक्करहळ्ळीचे तळे ही त्यांच्या भटकण्याची आवडती जागा. दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही तेथे गेलो. मानसगंगोत्री या विश्वविद्यालयाच्या आवारालगत हे विस्तीर्ण तळे पसरले आहे. काठाने पायवाट आहे, तीवरून वृद्ध मंडळी फेऱ्या घालीत असतात. पाणकावळे पंख पसरून उन्हात वाळवीत बसतात आणि झोळीच्या चोचीचे पाणपक्षी नावांसारखे संथ तरंगत जातात. ‘काका, इथे वर्षभर हिंडायला मिळाले तर मीही लिहीन,’ असे मुलगी हसत म्हणाली. मग थोड्या वेळाने गंभीर होऊन म्हणाली, ‘पण नुसता हिंडणारा मुलगा दिसला तर लोक म्हणतात, विचार करतोय. मुलगी दिसली तर विचारतात, हिचे ठरले का?’ आम्ही यावर काही बोललो नाही. पाणकावळा पाण्यात बुडी मारून बराच वेळ दिसेनासा झाला व पुष्कळ दूर वर आला, तो पाहत राहिलो.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही शहराच्या पोटात हिंडलो: लक्ष्मीपुरम्, कचेऱ्या, बाजार आणि सयाजीराव रस्ता. हे शेवटचे नाव वाचून मराठी माणसाची पावले अंमळ थांबतात. लक्ष्मीपुरम् भागात नारायणांचे एकत्र कुटुंब भाड्याच्या घरात राहत असे, आणि उमेदवारीच्या वर्षांचा खरा इतिहास याच भागातला आहे. त्या इतिहासाचे आकडे नारायणांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहेत. लेखनाच्या पहिल्या वर्षाची प्राप्ती ९ रुपये १२ आणे! त्यांचा पहिला छापील मजकूर कादंबरी नव्हे, कथा नव्हे. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या सागरी कायद्यांवरील एका ग्रंथाचे परीक्षण. दुसऱ्या वर्षी मद्रासच्या ‘हिंदू’ पत्राने एक गोष्ट घेतली व १८ रुपये दिले. पुढील वर्षी मुलांच्या एका गोष्टीचे ३० रुपये आले. तीन वर्षांची बेरीज साठ रुपयांच्याही आतली. तथापि घरातील कोणी त्यांचे ताट काढून घेतले नाही. शंका होत्या, थट्टा होत होती, कुजबुजही असेल. पण दोन वेळचे जेवण आणि लिहिण्यापुरता कोपरा यांत खंड पडला नाही.

१९३३ मध्ये कोइंबतुरास बहिणीकडे गेले असता त्यांनी राजम् नावाची मुलगी पाहिली व मनात भरली. पत्रिका जुळत नव्हती, वर बेकार, तरीही खटपट करून त्यांनी मुलीच्या वडिलांची संमती मिळविली आणि विवाह झाला. आता प्रपंच आला, म्हणून ‘जस्टिस’ नावाच्या मद्रासच्या पत्राची बातमीदारी त्यांनी पत्करली. हे पत्र ब्राह्मणेतरांच्या हक्कांचा कैवार घेणारे, आणि त्याचा म्हैसूरचा बातमीदार एक अय्यर! चालकांस याचे कौतुकच वाटले म्हणतात. न्यायकचेरी, पोलीसकचेरी, नगरपालिका आणि बाजार अशी रोजची पायपीट करावयाची, आणि छापून आलेल्या मजकुराची इंचांनी मोजणी होऊन मोबदला मिळावयाचा. परंतु वाया काय गेले? देवराज बाजारातील गर्दीत, वकिलांच्या बैठकीत आणि छापखान्याच्या ओट्यावर त्यांना जी माणसे भेटली तीच पुढे मालगुडीत राहावयास गेली. त्यांचा स्वतःचा मुद्रक तर ‘मिस्टर संपत’ या नावाने १९४९ च्या एका कादंबरीचा नायकच झाला. कादंबरीकाराची भिक्षा अशा ठिकाणी मिळते. ती मागावयास गेल्याचे त्याला स्वतःलाही पुष्कळदा ठाऊक नसते.

इकडे हा संसार चालला असता तिकडे त्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित समुद्र ओलांडीत होते. लंडनच्या एका प्रकाशकाकडे जावे, महिन्यांनी परत यावे, पुन्हा टपालहशील भरून दुसऱ्याकडे पाठवावे, असे चक्र सुरू होते. म्हैसूरचे त्यांचे एक मित्र कित्तू पूर्ण ऑक्सफर्डला शिकत होते. अखेरीस हस्तलिखित त्यांच्याकडे गेले आणि नारायणांनी त्यांस निराशेने कळविले की, आता याला दगड बांधून थेम्स नदीत बुडवून टाका. मित्राने आज्ञा मोडली. ऑक्सफर्डलाच ग्रॅहम ग्रीन हे तरुण इंग्रज कादंबरीकार राहत होते. त्यांच्या हाती त्याने ते बाड दिले. ग्रीन यांनी वाचले, आवडले, शीर्षक बदलून ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ असे सुचविले, लांबलचक नाव आखडून ‘आर. के. नारायण’ करविले, आणि १९३५ मध्ये हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशनसंस्थेकडून पुस्तक बाहेर आले. कादंबरी स्वीकारली गेल्याची वार्ता म्हैसुरास तारेने पोहोचली. या ग्रीन महाशयांची व नारायणांची प्रत्यक्ष भेट व्हावयास मात्र १९५६ साल उजाडावे लागले. भवभूतीने आपला समानधर्मा कधी काळी, कोठे तरी जन्मास येईल एवढ्यावर समाधान मानले होते. नारायणांस तो जिवंतपणी लाभला, फक्त सात समुद्रांपलीकडे.

येथे सुखान्त होऊन पडदा पडावा असे कोणासही वाटेल. परंतु तसे झाले नाही, आणि होतकरू लेखकांनी कथेचा हाच भाग विशेष ध्यान देऊन वाचावा. परीक्षणे चांगली आली. प्रती खपल्या नाहीत. त्या प्रकाशकाने पुढील पुस्तक घेतले नाही. ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ १९३७ मध्ये दुसऱ्याकडून व ‘द डार्क रूम’ १९३८ मध्ये तिसऱ्याकडून निघाले. तीन कादंबऱ्या, तीन प्रकाशक, आणि चरितार्थ अद्याप अधांतरी. १९३७ मध्ये वडील वारले. ज्या वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या आधारावर घर उभे होते तो आधार गेला. मग म्हैसूर सरकारच्या सांगण्यावरून नारायणांनी राज्यातील प्रेक्षणीय स्थळांचे वर्णन करणारे एक पुस्तक लिहिले. ‘मैसूर’ या नावाने ते १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. आम्ही हातात वाटाड्या घेऊन ज्या गावी हिंडत होतो, त्याच गावाचा वाटाड्या लिहून या कादंबरीकाराने पोट भरले होते! आणि त्याच वर्षी विषमज्वराने राजम् गेली. मुलगी तीन वर्षांची होती. नारायणांनी पुन्हा विवाह केला नाही.

बराच काळ लेखणी उचलली गेली नाही. एक नियतकालिक काढले. मद्रास शहरातच हजारावर वर्गणीदार मिळूनही ते वर्षाच्या आत बंद पडले. महायुद्धामुळे इंग्लंडशी दळणवळण तुटले, तेव्हा १९४२ मध्ये त्यांनी स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली. आणि १९४५ मध्ये, पत्नीच्या मृत्यूचे दुःख पोटात घेऊन लिहिलेली ‘द इंग्लिश टीचर’ प्रसिद्ध झाली. आजीने मुहूर्त काढून दिल्यास पंधरा वर्षे होऊन गेली होती. लेखकाचे चढउतार असे म्हणतात. पण या पंधरा वर्षांत चढ किती आणि उतार किती, हे वाचकांनीच मोजावे.

शेवटच्या दिवशी आम्ही यादवगिरीस गेलो. हा भाग रेल्वे स्टेशनापासून जवळच आहे. तेथे विवेकानंद मार्गावर नारायणांचे दुमजली पांढरे घर आहे. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी ते हौसेने बांधविले. एका बाजूस बाहेर काढलेली गोल खोली आणि तिला आठ खिडक्या. या खिडक्यांतून चामुंडीचे देऊळ, शहराचे घुमट व मनोरे, चरणारी गुरे, ये-जा करणाऱ्या आगगाड्या असा चहूबाजूंचा देखावा दिसावा अशी योजना होती. कुटुंब लक्ष्मीपुरम् सोडावयास लगेच राजी नव्हते, तेव्हा काही काळ हे घर केवळ लिहिण्यासाठी वापरले गेले. आणि मग असे झाले की, देखावा इतका सुंदर की लेखनच होईना! शेवटी मेजाशेजारच्या मोठ्या खिडकीवर त्यांनी जाड करडा पडदा लावून टाकला, आणि मग दिवसास हजार शब्द होऊ लागले.

त्या खोलीत आम्ही पुष्कळ वेळ उभे होतो. घरात त्यांची पुस्तके, छायाचित्रे, चष्मा, कपडे व मानचिन्हे मांडून ठेवली आहेत. ‘द गाइड’ या कादंबरीस १९६० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये पद्मभूषण व २००० मध्ये पद्मविभूषण. १९८६ पासून सहा वर्षे राज्यसभेचे सभासदत्व. त्या सभागृहात त्यांनी पहिले भाषण केले ते शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्यावर. याबद्दल तरी सर्व शिक्षकांनी त्यांचे ऋण मानावे. १३ मे २००१ रोजी चेन्नईत ते निवर्तले. त्यानंतर या घराचेही दैव फिरले. २०११ मध्ये ते पाडावयास आरंभ झाला होता. वृत्तपत्रांतून ओरड झाली तेव्हा कुदळ थांबली. काही कन्नड लेखकांनी असाही आक्षेप घेतला की, इंग्रजीत लिहिणाऱ्याचे स्मारक सार्वजनिक पैशाने का व्हावे? आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. पण अखेर घर वाचले, दुरुस्त झाले आणि २०१६ च्या जुलैत संग्रहालय म्हणून उघडले. म्हणजे ज्याची हस्तलिखिते वारंवार परत आली, त्याचे घरही एकदा ‘साभार परत’ होता होता राहिले.

पायऱ्या उतरताना मुलीने विचारले, ‘काका, कित्तू पूर्णांनी खरेच दगड बांधून ते बाड बुडविले असते तर?’

आम्ही म्हणालो, ‘तर जगाला मालगुडी मिळाले नसते.’

‘ते जगाचे झाले. नारायणांचे काय झाले असते?’

या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या वेळी दिले नाही, येथे देतो. आमच्या मते नारायण लिहीतच राहिले असते. कदाचित आयुष्यभर इंचांनी मोजलेल्या बातम्या लिहिल्या असत्या आणि रात्री कथा; पन्नास गोष्टी मद्रासच्या पत्रांतून येऊन विरून गेल्या असत्या, आणि आज यादवगिरीच्या त्या जागी दुसरीच एखादी इमारत उभी असती. परंतु एवढ्यावरून घराने त्यांस दिलेली ती वर्षे फुकट गेली असे आम्ही म्हटले नसते. ग्रीन भेटणे हे दैवाधीन. ताट वाढणे हे आपल्या अधीन. जे दैवाधीन आहे ते घडले नाही म्हणून जे आपल्या अधीन होते ते चुकीचे ठरत नाही.

यास दुसरीही बाजू आहे व ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. नारायणांस जे मिळाले ते सर्वांस मिळत नाही. मुख्याध्यापक पित्याचे घर, शाळेचा ग्रंथसंग्रह, एकत्र कुटुंबाची शिजलेली चूल, आणि त्या चुलीशी स्वतः उभे राहण्याची जबाबदारी नाही. त्या घरातील एखाद्या मुलीने १९३० साली वही आणली असती, तर आजीने मुहूर्त काढला असता तो कादंबरीचा की लग्नाचा, हे सांगावयास ज्योतिषी नको. आमच्या पुतणीने तळ्याकाठी काढलेले उद्गार या दृष्टीने विचार करण्यासारखे आहेत. आज दोन वर्षे मागणाऱ्या मुलीला आपण जेव्हा ‘हौस पुरी झाली’ म्हणतो, तेव्हा तेच शब्द मुलास इतक्या लवकर म्हटले असते काय, हे ज्याचे त्याने स्वतःस विचारावे.

तसेच, लेखकानेही आपले देणे ओळखावे. नारायणांनी बातमीदारी केली, परीक्षणे लिहिली, सरकारी वाटाड्या लिहिला. ‘मी कलावंत, मला हे शोभत नाही’ असे म्हणून ते घरावर ओझे होऊन बसले नाहीत. ड्रिलचा तास नाकारणारा तरुण पुढे कितीतरी नावडते तास निमूटपणे घेत गेला. आणि लिहिणे सोडले नाही; पहिली कादंबरी परत येत असता दुसरीचा विषय मनात घोळत होता. ज्याची एकच वही आहे आणि ती परत आल्यावर दुसरी आणावीशी वाटत नाही, त्याला आपली हौस फिटली असे समजण्यास हरकत नाही. ज्याला आणावीशी वाटते, त्याला थोपविणारे आपण कोण?

नारायणांचे सर्वांत धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांस मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाने प्रवेश नाकारला होता. पुढे तेच मुंबईतील ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पहिल्या पानावरून अर्धे शतक ‘सामान्य माणूस’ चितारीत राहिले, आणि २०१५ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला. महाराष्ट्राने त्यांस आपलेच मानले. एकाच घरातील दोन भाऊ, आणि दोघांच्याही ललाटी आरंभी नकार. त्या घराने या नकारांस शेवटचा शब्द मानले नाही, एवढेच त्या घराचे वैशिष्ट्य.

बंधूंस आम्ही निवाडा कळविला तो असा: दोन वर्षे द्यावीत, त्या अवधीत मुलीने घरखर्चास हातभार लागेल असे अर्ध्या दिवसाचे काम पाहावे, सकाळचे चार तास तिला कोणी हाक मारू नये, आणि लेखनाचे किती पैसे आले हा प्रश्न वर्षातून एकदाच, तोही आर्थिक वर्षाच्या अखेरीस, विचारावा. दोन वर्षांनी काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये.

वाचकहो, म्हैसुरास जाल तेव्हा राजवाडा अवश्य पाहा. दिव्यांनी उजळलेला तो महाल पाहण्यासारखा आहे यात संशय नाही. पण एखादी सकाळ कुक्करहळ्ळीच्या काठी आणि एखादी दुपार यादवगिरीच्या त्या आठ खिडक्यांच्या खोलीत घालवा. आणि आपल्या घरी कोणी वही घेऊन कोपऱ्यात बसले असेल, तर बाहेरचा देखावा कितीही सुंदर असला तरी त्याच्या खिडकीवर एक पडदा लावून द्या. तेवढे प्रत्येक गृहस्थास शक्य आहे.